सुकती

चोडणच्या शाळेत, पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून
दोघं भांडत होती एका खुर्चीवरून.
घनःशाम मांद्रेकर म्हणाला, खुर्ची हवी,
नाहीतर अकरापर्यंत सगळेच बोलतात
आणि सकाळी कुणालाच काही आठवत नाही.
ऑल्विटा डायसनं खुर्ची उचलून व्हरांड्यात ठेवली.
तिथं तिच्यावर मास्तरांचं मांजर बसलं.

मग भांडण रशियात गेलं.
शंभर वर्षांपूर्वी, गोठलेल्या समुद्रात,
कुठल्याशा किल्ल्यावरचे खलाशी
कुणी मारले, का मारले.
खलाशी म्हटल्यावर माझे कान टवकारले,
मी रायबंदरच्या फेरीवर दोर टाकतो.
विचारलं, त्यांना पगार मिळत होता का?
दोघं माझ्याकडे बघून गप्प झाली,
पहिल्यांदाच एकमतानं.

त्याच आठवड्यात बांध फुटला.
फुटला असं आपलं म्हणायचं.
कोळंबीवाल्या ठेकेदारानं मानशीची दारं
साखळीनं उघडी बांधून ठेवलेली,
पाणी महिनाभर आतून माती चाटत होतं.
कोरगुट दाण्यावर आलेलं.
ते खारं सोसतं, बुडणं नाही सोसत.
पंचायतीला फोन केला, पोलिसांना केला.
भरती कुणाच्या फोनसाठी थांबत नाही.

ओहोटीला आम्ही सुकती म्हणतो.
रात्री बारा ते पाच, त्यापुढे नाही,
हे मी सांगितलं. माझं काम एवढंच.
बोलावलं कुणी, अजून कुणाला ठाऊक नाही.
इस्तेव रेंदेर चॅपेलची घंटा वाजवून आला,
सातेरीच्या देवळातल्या गॅसबत्त्या आल्या,
रुकमाय गावडी आली, मागे सुना, डोक्यावर पेंढा,
बार्जवरून काढून टाकलेली पोरं
चिऱ्यांनी भरलेली होडी ओढत आली.

दीडला घोळ झाला.
चिखलाकडे चाळीस माणसं, चिऱ्यांकडे तीन.
तेव्हा ऑल्विटाच ओरडली,
घनःशामबाब, तुमची ती वही!
त्यानं नावं पुकारली, गोदीतल्या पाळीसारखी,
वीस मिनिटं घमेलं, दहा मिनिटं दम.
स्वतःचं नाव वगळून गेला.
तिनं ते मोठ्यानं वाचलं.
उठला, सत्तरीच्या गुडघ्यांसकट.

रुकमाय म्हणाली, पेंढा आडवा घाला, उभा नको.
सगळ्यांनी आडवा घातला.
तिला कुणी निवडलं नव्हतं,
ती साठ वर्षं आडवाच घालत आलेली.
ऑल्विटा म्हणाली, बघा, मी हेच म्हणत होते.
तो म्हणाला, मग मी काय म्हणत होतो?
दोघंही मांडीपर्यंत रुतलेली,
कुठला पाय कुणाचा, उपसल्याशिवाय कळेना.

सहाला पाणी परत आलं,
बांधाला टेकलं, थांबलं.
पेज आली, सुक्या बांगड्याचा तुकडा आला.
त्यानं ओल्या बोटांनी वही उघडली.
अध्यक्षस्थानी, ही ओळ
चाळीस वर्षांत त्यानं कोरी सोडलेली नाही.
पेन धरून बसला तो, बसूनच राहिला.
इस्तेव म्हणाला, लिही की, सुकती.
लिहिलं त्यानं.
ऑल्विटा पोट धरून हसली,
मग म्हणाली, तरी एक शब्द खोडायला हवा.
कुठला?
अध्यक्ष.
झालं, पुन्हा जुंपली.

माझी सहाची फेरी केव्हाच सुटलेली.
उठलो, तर नव्या मातीत एक कुर्ली
आतापासूनच बीळ उकरत होती.
टाचेनं ते दाबून टाकलं आणि हाक दिली,
रविवारी कोण कोण येणार?
भांडण न थांबवता
दोघांनी हात वर केले.