पाहिल्याची तारीख

वरच्या पट्टीतून उचललेला पत्ता
हा पत्ता नसतो, हर्षाली.
तो त्या संध्याकाळचा पास असतो.
तू लॉग-इन केलंस, त्याने तुला आत घेतलं,
वीस मिनिटं माउस हलला नाही
की तो तुला ओळख दाखवत नाही.
तुझ्या प्रबंधात पान एकशे बाराच्या तळाशी
साडेतीन ओळींचं जे गचपण आहे,
टक्के, प्रश्नचिन्हं, बरोबरच्या खुणा,
ते मी आत्ता उघडून पाहिलं:
'सत्र संपले आहे.'
बाहेरून येणारे परीक्षकही हेच पाहतील
आणि चहा पिता पिता विचारतील
की तांबट आळीतली ती कामबंदी
तुम्ही स्वप्नात वाचलीत का.

बाजूला बघ, साखळीचं बारकं चिन्ह आहे,
मलाही चष्मा लावून उशिराच दिसलं.
तिथे मिळतो तो कायमचा दुवा.
कायमचा म्हणजे, हसू नकोस,
कॉलेजने वर्गणी भरली तर
पुढच्या मार्चपर्यंत.

म्हणून तर बाकीचं लिहायचं.
वृत्तपत्राचं नाव, अंकाचा दिवस, पान, स्तंभ,
मग डेटाबेसचं नाव,
कारण तू कागद पाहिला नाहीस,
कागदाचा फोटो पाहिलास,
घडीवरची अक्षरं यंत्राने वाचलेली,
'तांब्या'चं 'तांड्या' करून ठेवलेलं,
आणि तू तीन दिवस तांब्याच शोधत बसलेली.
हेही खरं तर लिहायला हवं.
त्याला रकाना नाही.

शेवटी, पाहिल्याची तारीख.
पोरं नेमकी हीच गाळतात.
माझ्या वडिलांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेले
तेव्हा उपाध्यांनी आधी गाव विचारलं, मग आडनाव,
मग लाल बासनातून एक लांबोडकी वही काढली
आणि आजोबांची सही दाखवली. मोडीतली.
सोबत कोण होतं, कोणती तिथी.
आजोबा तापट होते का, गात होते का,
काही नाही. आले होते, एवढंच.
खाली मी सही केली, तारीख घातली,
पेन त्यांचं होतं, ते चुकून माझ्याकडेच राहिलं.
मी इथवर आले होते,
त्या दिवशी हे इथे होतं.
उद्याचं सांगत नाही.
संदर्भ याहून जास्त काय बोलतो?

चार दिवसांनी हर्षाली परत आली,
सगळ्या ओळी नीट लावून, स्वल्पविरामसुद्धा.
एकच अडलं होतं.
मोरेश्वरकाका करडे, तांबट आळी, वय शहाऐंशी,
त्यांचं एक वाक्य तिला पहिल्याच प्रकरणात हवं होतं.
काका म्हणाले, माझं नाव घालू नका,
वाक्य माझ्या आत्याचं.
आत्याचं नाव?
काका गप्प.
मग आत हाक मारून विचारलं,
आतूनही कुणाला सांगता येईना.
पोरं आत्या म्हणायची,
भावजया वन्सं म्हणायच्या,
कुंकवाचा धनी लवकर गेलेला,
तेव्हा उखाण्यातसुद्धा कुणी
तिला नाव घ्यायला लावलं नाही,
आणि तिचं कुणी घेतलं नाही.

मी नियमांची पुस्तिका उघडली.
नियम सरळ आहे, वीस वर्षं शिकवतेय:
लेखकाचं नाव नसेल
तर मजकूर पुढे सरकतो
आणि त्याच्या जागी उभा राहतो.

दोघींनी मिळून टाइप केलं.
संगणकाने ओळ उचलून 'भ'मध्ये टाकली,
एक भट आणि एक भामरे यांच्या मधोमध,
दोघेही डॉक्टर:

'भरल्या भांड्यावर ठोका घालू नये, आवाज खोटा येतो.'
मोरेश्वर करडे यांनी आत्याकडून ऐकलेले.
तांबट आळी, नाशिक.
ऐकल्याची तारीख

इथे मी थांबले, बोटं कीबोर्डवर.
सांग, म्हटलं.
तिने डायरी काढली, पान उघडलं,
आणि माझ्याकडे बघून म्हणाली,
कोणाची, मॅडम?
माझी, की काकांची?