उशीर लावणारं लाकूड

मार्चमध्ये रात्री अंजनेरीच्या पाठीवर
लाल दोरा दिसतो,
कुणीतरी डोंगराला टाके घालत बसल्यासारखा.
पहिल्या वर्षी तो बघत मी चहा प्यायले.
दुसऱ्या वर्षी दोरा खाली उतरला.
मुळेगावच्या वाटेवर धारणकरांचा व्हरांडा होता,
सकाळी त्याचे फक्त खिळे उरले होते,
ओळीने, आपापल्या जागी.

मग द्वारकेजवळच्या वखारीत जाऊन विचारलं,
न जळणारं लाकूड आहे का?

शिवजीभाई हसले नाहीत.
न जळणारं हवं तर दगड घ्या, ताई.
लाकूड जळतंच.
हे फक्त उशीर लावतं.

दोन काड्या मांडल्या विटेवर,
एक सागाची, एक पाइनची,
आणि दिव्याची निळी जीभ दोघींवर धरली.
साग लगेच पेटला, वासासकट,
बोलावण्याचीच वाट बघत असल्यासारखा.
पाइन काळी पडली, चिडली,
अंगावर खपली धरून गप्प बसली.
दिवा काढला तशी विझली.

मीठ आहे आत, दाबून भरलेलं,
लोणच्याच्या फोडीत मुरतं तसं.

मी म्हटलं, आमच्याकडे चार महिने पाऊस.
त्यांनी हातातली काडी ठेवली
आणि मागच्या थप्पीतून दुसरी फळी ओढली.
बाहेरच्या भिंतीचं वेगळं असतं.
आतलं बाहेर लावाल
तर दोन पावसाळ्यांत अळणी होईल.

एकतीस वर्षं मी नोटांच्या प्रेसमध्ये होते.
काडेपेटी गेटवर ठेवून आत जायचं, रोज.
आग लागणार नाही असं तिथे कधी कुणी म्हणालं नाही.
काडी आत येत नाही ना,
एवढंच बघायचे.
त्यामुळे शिवजीभाईंचा भाव मला महाग वाटला
पण खोटा वाटला नाही.

कचरू मिस्त्रींनी फळ्या कापल्या.
कापली की फळीचं तोंड पुन्हा कोरं,
तिथे मीठ पोचलेलं नसतं.
सोबत डबा दिलेला, ब्रश दिलेला:
प्रत्येक कापलेल्या तोंडाला दोनदा पाजायचं.
मिस्त्री म्हणाले, भिंतीत जाणारं टोक कोण बघतंय.
मी स्टूल घेऊन बसले
आणि टोकं मोजली, नोटा मोजायचे तशी.
सात राहिली होती.
दुपारभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

घर झालं. वरून हौसाबाई झोले
शेळ्या घेऊन उतरल्या,
बोटाची गाठ फळीवर वाजवून बघितली.
केवढ्याला पडली?
मी निम्मी किंमत सांगितली.
तरी त्यांनी कपाळाला हात लावला.
मग कुसळी गवताकडे बघितलं, कमरेएवढं, पार ओट्याला टेकलेलं,
ओट्याखाली कोंबलेली पोती,
पन्हाळीत साचलेला पाला.

लाकडाला मीठ, म्हणाल्या,
आन् दारात वाळलेलं गवत.
पाव्हण्याला पायघड्याच घातल्या की गं बाई.

दुसऱ्या दिवशी विळा घेऊन आल्या.
घराभोवती वीस हात माती उघडी केली,
तीनशे रुपये घेतले, दोनदा चहा.
वणवा कोण लावतं, मी विचारलं.
त्या शेळीला हाका मारू लागल्या.

यंदा दोरा आला.
वरच्या खिंडीत अडकला, गाठ पडल्यासारखा,
आणि वारा फिरला.
मी पलंगावर जागी होते.
खिडकीतून एक ठिणगी येताना दिसली,
काजव्याहून जरा आळशी.
कठड्यावर बसली.

माझे गुडघे आता वेळ घेतात.
आधी उजवा, मग भिंतीचा आधार, मग डावा,
मग चप्पल, मग तांब्या.

लाकडाने बरोबर तेवढा उशीर लावला.

सकाळी बघितलं, अंगठ्याएवढा काळा डाग.
डबा शोधला. झाकण चिकटलं होतं,
ब्रश वाळून काठीसारखा झालेला.
कोमट पाण्यात बुडवून ठेवलाय.