चुना

डिसेंबरात लष्करातली हवा
चावलेल्या खडूसारखी.
जयारोग्यच्या त्वचारोग ओपीडीत मंगळवारी
स्वेटर काढायला कुणी राजी नसतं.
मी म्हणते, फक्त कोपरापर्यंत,
दुखत नाही, नुसती टेप आहे.
चिकटवायची, अंगठ्यानं दाबायची, ओढायची,
एकाच जागी वीस वेळा.

वीस वेळा ओढून जे निघतं
ते इतकं वरवरचं असतं
की माणूस रोज सकाळी
अंथरुणावर ते टाकूनच उठतो.
माझी पीएचडी त्यावर आहे.

क्लोरोफॉर्म दोन भाग, मिथेनॉल एक.
टेप बुडवली की मेद सुटतो,
वाळल्यावर कुपीच्या तळाशी उरतो,
आहे म्हणायचं म्हणून आहे.
कुप्या थर्माकोलात बसून हैदराबादला जातात,
परत येतात नुसती शिखरं आणि आकडे:
कुठलं सिरॅमाइड किती,
कुणाची शेपटी किती कार्बनांची.
सोरायसिसच्या त्वचेत आखूड शेपट्यांची गर्दी.
का, ते तीन वर्षांत सांगायचं होतं.
हे पाचवं चालू आहे.

लच्छीराम कुशवाह, वय अठ्ठावन्न, नमुना चौदा.
धंदा: दगड घडवणे.
कोपरावर रुपेरी खवले.
घरचे म्हणतात, इतकी वर्षं कपच्या उडवल्यास,
आता तुझ्याच उडतायत.
त्याला कळावं म्हणून मी पाठ असलेलं सांगितलं,
प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात असतं ते:
त्वचा म्हणजे भिंत,
पेशी म्हणजे दगड, मेद म्हणजे चुना,
चुना सगळ्यांना जोडून धरतो.

तो टेपकडे बघत राहिला.
मग म्हणाला
(त्याच्या हिंदीतून इकडे आणताना थोडं सांडलं असेल):
चुना जोडत नाही, बाई.
धरून ठेवतं ते वजन.
चुना दगडाला दगडापासून
जरासा लांब ठेवतो.
दगडावर दगड कोरडा टेकला
की भार एका टोकावर येतो, तिथेच तडकतो.
मधे मऊ काही लागतं, आधी दबणारं,
ओल पिणारं, ओल सोडणारं.
जुन्या भिंतीत कुणी सिमेंट भरलं तर बघा कधी,
सांधा शाबूत
आणि दगड गेलेला.

उरलेल्या सहा टेपा मी न बोलता ओढल्या.

रात्री ते वाक्य प्रकरण दोनमध्ये घातलं.
बक्षी सरांनी लाल शाईत लिहिलं: संदर्भ?
संदर्भ कोपरापर्यंत बाही वर करून बसला होता सर,
हे मी लिहिलं नाही.
शोधत बसले. मेद नुसता फटी भरत नाही,
निरोपही नेतो, सुजेला हाक मारतो,
कधी तिची समजूत घालून परत पाठवतो.
असे चौदा निबंध सापडले.
भिंतीचा एकही नाही.
वाक्य काढलं.

निरोगी गटात क्रमांक सात मी स्वतः.
मुलं मिळत नव्हती, मग माझाच हात.
दिवसभर ॲसिटोन, संध्याकाळी साबण;
जानेवारीत माझा ठिपका
आलेखात निरोग्यांपासून सुटून
लच्छीरामच्या बाजूला सरकलेला.
आई फोनवर म्हणाली, तिळाचं तेल लाव.
सर म्हणाले, सात वगळ.

मार्चात तो शेवटच्या तपासणीला आला,
पुडीत अर्धा पाव गजक घेऊन.
विचारलं, मग मलम कधी?
मी म्हटलं, माझ्या प्रबंधात मलम नाही.
कुणाच्या तरी प्रबंधात असेल, वीस वर्षांनी,
त्यात तुमची एक ओळ असेल, नावाशिवाय.
त्यानं बाही खाली केली,
बटण लागेना, मी लावून दिलं.

टेप संपली होती.
मधलं पुठ्ठ्याचं कडं त्यानं उचललं,
हे टाकणार का, म्हणाला,
नातू चाक करून फिरवेल.