चार बोटं कागद

आधी टेबल पुसायचं, मग रूळ, मग स्वतःला.
वित्येनिसचा नियम: लोकरीचा स्वेटर दाराबाहेर,
क्लायपेदाच्या जानेवारीतही.

गुरुवारपर्यंत बारा फोटो, एकेक दोन मीटर लांब.
सगळ्यांत बर्फच. गोठलेली खाडी,
बर्फाला पाडलेल्या भोकांशी पाठमोरी बसलेली माणसं,
बोटभर माशांची वाट बघत.

पहिल्यालाच मी घोळ घातला.
पाठचा कागद अख्खा सोलला एका दमात,
आणि फोटो पत्र्यावर पडला ओल्या चादरीसारखा,
पडला तिथलाच झाला.
वित्येनिस ओरडला नाही.
मिल्दाला फोन करून म्हणाला, एक परत छाप.
मग माझ्याकडे वळून: "चार बोटं.
चारच बोटं सोल. कड बसव.
बाकीचं रुळावर सोड."

बाराही पत्रे आधीच कापून भिंतीशी उभे केले,
बाराही फोटोंची चार-चार बोटं आधीच दुमडली,
आणि मग नुसतं चालवायचं:
तो पलीकडून फोटो उचलून धरणार, झोळीसारखा,
मी खालून कागद ओढणार
रुळाच्या चालीनं, अधीर न होता,
आणि दोघांमधली हवा
मुकाट्यानं बाहेर जाणार.

सातव्याला अकरा मिनिटं.
तोवर बोलणंही आटलं होतं.
"हं" म्हणजे चालव. खोकला म्हणजे थांब.

दहाव्यात केस गेला.
माझा, नाहीतर त्याच्या कुत्रीचा,
एका म्हाताऱ्याच्या बुटाशी, पांढऱ्याच्या खाली.
बोटाला लागतो. डोळ्याला, दिवा तिरका धरला तरच.
वित्येनिसनं दिवा तिरका धरला,
सरळ धरला,
विझवला.

बुधवारी रात्री मिल्दा आली, टोपीवर बर्फ घेऊन,
तो तिनं, आम्ही ओरडायच्या आत, आतच झटकला.
आम्ही काही सांगितलं नव्हतं.
तिनं बरोब्बर तिथेच नख ठेवलं.
"इथेच तडकलं होतं," म्हणाली,
"केवढा आवाज झाला! हा बाबा हललासुद्धा नाही.
फोटोत तेवढं आलं नव्हतं."

वित्येनिसनं तरी बिलातून वीस युरो कापले.

घरी आले, अंथरुणावर धुतलेली चादर घालायला घेतली.
एका कडेची चार बोटं खोचली
आणि थांबले,
पलीकडून कुणी "हं" म्हणेल म्हणून.