शेरा: खडक लागला

कळंब्याच्या तलावापासून मंगळवार पेठेपर्यंत
नळाची चर खणायची होती.
मी नगरपालिकेचा मोजमाप कारकून,
वय वीस, कानावर पेन्सिल,
खांद्याला पन्नास फुटी फीत.

मजुरी ब्रासावर. माती निघेल तितके पैसे.
म्हणून सुभाना तिबिलेच्या वाट्याची चर
दर पाच पावलांवर वळलेली दिसली
तेव्हा ओव्हरशियर मणेरीकर आधी हसले, मग तापले:
मोड घालून ब्रास वाढवतोस होय रे?

सुभानानं चरीबाहेर डोकं काढलं नाही.
खालूनच बोलला,
सायेब, सरळ चर म्हंजे मरण.
ह्या टोकाला एक गन लावली
की त्या टोकापतुर समदी रांग झोपली.
मोड असला की गोळा फुटंल तिथंच फुटतो.
चार जात्यात. चाळीस ऱ्हात्यात.

मणेरीकरांनी पेठेच्या बाजूला पाहिलं.
तिकडं एक म्हैस धार काढायला उभी होती
आणि तांब्या घेऊन दोन पैलवान.

दुपारी मी त्याच्या मोडात उतरून भाकरी खायचो.
वर ऊन, आत ओल, मातीला लोखंडाचा वास.
बसऱ्याच्या पुढं, तो सांगायचा,
आमी रातचं खणायचो, कुशीवर पडून,
कुदळीला पटका गुंडाळून.
एका रातीत सहा हात पुढं.
समोरनं तेबी खणत याचे.
कानाला माती लावली की ऐकू याचं,
आपल्यासारकंच कुणीतरी दमतंय.

मुरंब्याचे रिकामे डबे यायचे.
आत बारूद, मोडके खिळे, नालाचे तुकडे.
वात विडीनं पेटवायची, पाच मोजायचं, फेकायचं.
वाती काय सारख्या नसायच्या.
येसबा तीन म्हणाला
आणि चार आमीच म्हटलं.

काठीला न्हाव्याचा आरसा बांधून पल्याड बघायचो.
एकदा आरशालाच गोळी लागली.
माझं तोंड फुटलं त्यात. मी न्हाई.

आणि ती गन. पानी प्यायची लेकाची.
तापली की आधी तिला पानी, मग आमाला.
पानी सरलं तर... जाऊ दे, तू जेव.

त्यानं मोडाच्या भिंतीत एक पायरीपण कोरली होती,
वीतभर, उभं राहून बघण्यापुरती.
ती कशाला, मी विचारलं.
तो पायरीकडं बघत राहिला,
जणू दुसऱ्याच कुणी खणली होती.

नळ बारा फुटी, बिडाचे. ते वाकत नाहीत.
हुकूम आला: चर सरळ करा.
सुभानानं चार दिवसांत सगळे मोड बुजवले,
बुजवण्याचे पैसे मिळत नाहीत,
आणि सरळ चर खणली, पण रात्री, कंदील न लावता.
सकाळी फीत धरायला मी एकटाच उतरायचो.
तो काठावरसुद्धा नसायचा,
लांब, गुऱ्हाळाच्या चिपाडाआड.

पाण्याच्या खजिन्याच्या अलीकडं एकच मोड उरला.
आम्ही जेवायचो तो.
त्या दिवशी तो आत बसून होता,
गुडघे पोटाशी, कुदळ मांडीवर,
आणि मला म्हणाला, हितं बस.
हितं काय लागत न्हाई.

मी वही उघडली. पान एकोणचाळीस.
लिहिलं: खडक लागला. सुरुंग लावणे धोक्याचे.
वळण कायम ठेवावे.
मणेरीकरांनी चष्मा पुसला, मोडाकडं पाहिलं,
माझ्याकडं पाहिलं, सही केली.

तिथं दोन कोपरे बसवले नळाला.
पाणी सुटलं की पहाटे तिथं ठोके पडतात,
तीन, कधी चार.
घरातले म्हणतात, हवा अडकते.

परवा जुना नळ काढायला माणसं आली.
वही वाचून कॉम्प्रेसर आणलेला.
ऐंशी पार केलेला मी काठी टेकत गेलो.
तांबडी, मऊ माती. फावड्यानं निघत होती.
खड्ड्यातलं पोरगं वर बघून विचारतंय,
आजोबा, कागदावर खडक आहे, इथं कुठाय?

त्याचं डोकं रस्त्याच्या वर, लख्ख उन्हात.
मी म्हटलं, सांगतो.
आधी खाली बस.