मागचे पाय

सारंगखेड्याच्या जत्रेत आमचा तंबू
घोडेबाजाराला पाठ करून उभा असायचा.
मागची कनात फाटकी. पडद्यावरचं चित्र
पलीकडून घोड्यांना उलटं, फुकट दिसायचं.
वडील, लोटन ऑपरेटर, तुटलं रीळ जोडायचे
तेव्हा त्या चिकटीला पिकल्या केळीचा वास यायचा,
सावद्याच्या गाडीत निजल्यासारखा.

शनिवारी खरा शूरवीर लावला.
पांढरा घोडा, कडा, दरी, झेप.
टोप्या उडाल्या.

रविवारी त्याचीच टवाळी.
तोच कडा, पण पुठ्ठ्याचा, टेकलं की वाकणारा.
तलवार निघेना म्हणून नायक म्यानासकट लढतो.
चाच्यांचं जहाज परातीत बुडतं.
सिंहाच्या पोटाला सदऱ्याची बटणं,
एक तुटलेलं, आतून बनियन डोकावतं.

आणि घोडा म्हणजे
एका गोधडीत दोन माणसं.
नायक ओरडतो, "चल!"
पुढचे दोन पाय उधळत लढाईला जातात,
मागचे दोन तिथंच,
वाकलेले, आंधळे,
शेपटी हलवत,
कुणी सांगेल म्हणून थांबलेले.

तंबू लोळला.
एका बाईला उचकी लागली ती रीळ संपेतो.
झिपरू चहावाल्यानं हसता हसता
अर्धी किटली स्वतःच्याच धोतरावर ओतली
आणि तरी हसत राहिला.

हसले नाहीत ते कुसुंब्याचे हिलाल आप्पा.
दुपारी उपरण्याखाली बोटं दाबून
त्यांनी घोडी विकली होती.
सात वर्षांची. पैसे कोपरीच्या खिशात,
खिशावर हात, हात काढवत नव्हता.

खेळ सुटला तसे ते मशीनपाशी आले.
"मांगला माणूस कोन व्हता रे, भो?"
वडिलांनी पाट्यांचं रीळ कंदिलाशी धरलं.
राजा होता, राजकन्या होती, सिंहसुद्धा होता.
"तेनं नाव लिखेल नही, आप्पा."
आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "आखो एक डाव दखाड."

डिझेल जेमतेम होतं. वडील कधी
उधारीवर एक फूट फिल्म दाखवत नसत.
त्या रात्री त्यांनी आवाज बंद केला,
कार्बनच्या दोन कांड्या जवळ आणल्या
आणि मला म्हणाले, रीळ धर, ओघळू देऊ नको.

रिकामी पोती. गार वाळू. तापीकडून धुकं.
पडद्यावर गोधडी पुन्हा फाटली,
पुढचे पाय गेले.
मी वळून बघितलं तर आप्पा जागेवर नव्हते.

पडदा जमिनीपासून हातभर वर असायचा.
त्या फटीत, पलीकडे,
मला सहा पाय दिसले.
दोन वहाणांतले,
चार नालांचे, नव्या मालकाच्या खुंटाला बांधलेले.

वर ते दोघं-चौघं अजून शेपटी हलवत होते.
वडिलांनी मशीन थांबवलं नाही.
रीळ संपलं, मोकळं टोक
फटफट फटफट फिरत राहिलं,
पांढऱ्या उजेडात.