चौदा अंश

बाप्तिस्म्याचं पाणी कोमट होतं.
त्या दिवसाचं एवढंच मला नीट आठवतं.
प्रेस्टनमधल्या एका शाळेचा हॉल,
बास्केटबॉलच्या रिंगखाली निळा प्लास्टिकचा हौद,
आणि पाळकबाई ग्वेन एन्टविसल,
पूर्वी बस चालवायच्या, हात अजून तसेच दणकट,
कानाशी म्हणाल्या,
"भिऊ नकोस, पहाटे पाचपासून तापवलंय तुझ्यासाठी."

बुडालो. निघालो. टाळ्या वाजल्या.
टॉवेल, चहा, लिंबाचा केक.

घरी अरुंधती कांदा चिरत होती.
तिचा देव्हारा तिच्यापाशी, मी त्यात पडत नाही.
वर न बघता म्हणाली,
"पालथ्या घड्यावर पाणी नसलं म्हणजे मिळवली."

हसलो मी. रात्री मात्र डोळा लागेना.
वरच्या मजल्यावर दोन खोल्या, त्यांत चार भाडेकरू,
आणि जिन्यात, थर्मोस्टॅटवर,
मीच स्क्रू पिळून बसवलेली पारदर्शक पेटी,
तिला कुलूप. किल्ली माझ्या गळ्यात.
आज त्याच साखळीत क्रूस आला होता,
कूस बदलली की दोन्ही एकमेकांवर वाजत.

चौदा अंश. जानेवारीतसुद्धा चौदा.

सुमेध म्हणून एक पोरगा होता, परभणीचा.
दोन स्वेटर चढवून झोपायचा.
एकदा खाली आला, "काका, थोडं वाढवता का?"
मी म्हणालो, "आम्ही आलो तेव्हा शेगडीसुद्धा नव्हती."
खोटं.
शेगडी होती. घरमालकीण म्हातारी रात्री जिना चढून यायची
आणि मीटरमध्ये स्वतःच्या पर्समधलं नाणं टाकायची.

फेब्रुवारीत तो गेला.
भिंतीला बुरशी धरली म्हणून
त्याच्या डिपॉझिटचे एकशे ऐंशी पौंड मी ठेवून घेतले.
बुरशी माझ्याच चौदा अंशांची होती.

सोमवारी पेटी उतरवली.
मंगळवारी पत्ता काढत ब्लॅकबर्नला गेलो.
गाड्या धुण्याच्या जागी होता, बाह्या ओल्या,
बोटं उकडलेल्या बिटासारखी लाल.
मी बोलायचं पाठ करून आलो होतो :
प्रभू, क्षमा, नवा जन्म.
त्याने हात पँटला पुसले, पाकीट उघडलं, नोटा मोजल्या.
"हे डिपॉझिट झालं. आणि हीटिंगचं?
भाड्यात धरलंय म्हणाला होता तुम्ही."

म्हणालो होतो खरा.
पाठ केलेलं सगळं घशाशीच राहिलं.
कोपऱ्यावरच्या मशीनमधून आणखी दीडशे काढून आणले.
तेही त्याने मोजले.
"ठीक आहे," म्हणाला. काका म्हणाला नाही.
मागे एक गाडी थांबली होती, तिच्याकडे वळला.

रविवारी ग्वेनबाईंना सांगितलं.
मनात शाबासकीची झोळी पसरलेली होतीच.
त्या टेबलं उचलून ठेवत होत्या.
"बाकीच्यांचं काय?" म्हणाल्या,
आणि टेबलाचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

आता वर कुणीतरी तेवीसवर ठेवतं.
खिडकी उघडी टाकून तेवीस!
बिल आलं की पोटात गोळा येतो,
पाय आपोआप जिन्याकडे वळतात,
हात भिंतीपर्यंत जातो.

तिथे तीन भोकं आहेत.
चौथा स्क्रू काढताना तुटला,
तो अजून आतच आहे.